वाकला की मान

पहिला वार शर्वरीने गुडघ्यावर घातला. खिंडीच्या तोंडाशी उभा असलेला धिप्पाड पहारेकरी एका पायावर कोसळला, भाला टेकून सावरायला गेला आणि सावरता सावरता वाकला. तिला तेवढंच हवं होतं. तलवार वरून खाली आली. पातं हाडात रुतल्याचा झटका तिच्या खांद्यापर्यंत पोचला, मनगटावर गरम रक्त उडालं. पहारेकऱ्याच्या पाठीवर पाय देऊन तिने पातं उपसलं, खडकामागे दडलेल्या तिरंदाजाला केसांना धरून बाहेर ओढलं आणि त्याचा गळा चिरला. मग सरदार आला. त्याच्याशी बराच वेळ झुंज चालली. त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, तिने त्याची दोन बोटं उडवली, आणि शेवटी पडलेली तलवार उचलायला तोही वाकलाच. वाकला की मान. हा या खेळाचा पहिला धडा होता आणि तो तिनेच लिहिला होता.

मग तिने पुस्तक मिटलं.

खिंड गेली, रक्त गेलं. सांगलीतल्या आपल्या घराच्या माडीवर, खिडकीशी खुर्ची ओढून शर्वरी बसली होती आणि गेला तासभर पान उलटण्यापलीकडे तिने काहीही हालचाल केली नव्हती. मिटलेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर अक्षरं उमटली. त्याला सगळे निरोपाचं पान म्हणत. ‘रण संपलं. ओढ्यापाशी बस. पाणी थंड आहे, हात धुऊन घे. ज्यांना मारलंस ते शब्दांचे होते.’ हेही तिचंच लिखाण. एकेक ओळ तिने नियमाप्रमाणे सावकाश वाचली. मानेवरच्या पट्ट्याचा दिवा हिरवा झाला, तेव्हा तिने पट्टा काढला, पुस्तक कपाटात ठेवून किल्ली फिरवली आणि मटणाचा मसाला भाजायला ती खाली गेली. तो दिवस खंडेनवमीचा होता.

आता हे पुस्तक काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

आपण वाचतो ते नुसत्या डोळ्यांनी नाही. ‘त्याने चेंडूला लाथ मारली’ हे वाक्य वाचताना मेंदूतला पाय हलवणारा भाग किंचित जागा होतो. पाय हलत नाही, पण हलायची तयारी होते आणि विझते. शर्वरी ज्या कंपनीत कथानकं लिहायची त्या कंपनीने ही विझणारी ठिणगी पकडली आणि फुंकून मोठी केली. पुस्तकाची पानं कागदाइतकीच पातळ, पण त्यांत केसाहून बारीक तारा विणलेल्या. बोट कुठल्या ओळीवर आहे, नजर कुठे अडखळली, हे पानाला कळायचं. मानेवरचा पट्टा मेंदूतल्या त्या तयारीला इतका जोर द्यायचा की ओळ वाचून होईपर्यंत वाचणारा त्या ओळीत जाऊन उभा राहिलेला असे. तुम्ही जे केलंत त्याप्रमाणे पुढच्या पानावरचा मजकूर बदलायचा. चष्मा नको, पडदा नको.

मग खेळणारा उठून शेजारच्याला मारत का नाही? तर त्याचं उत्तर झोपेत होतं. स्वप्नात आपण धावतो, मारामाऱ्या करतो, तरी अंथरुणात पडून असतो, कारण मेंदू तेवढ्यापुरतं हातापायांना कुलूप लावतो. ज्यांचं हे कुलूप बिघडतं ती माणसं झोपेत शेजारच्या जोडीदाराला बडवून काढतात, आणि डॉक्टरांना असे रुग्ण चांगले ठाऊक असतात. पट्टा हे कुलूप जागेपणी लावायचा. पान उलटण्यापुरती दोन बोटं मोकळी, बाकी माणूस जागच्या जागी. पुस्तक मिटलं की निरोपाच्या पानाने आधी लढाईची ऊर्मी विझवायची आणि मग पट्ट्याने कुलूप काढायचं. क्रम महत्त्वाचा. ‘रक्तपर्व’ या खेळाची सगळी सुरक्षितता त्या क्रमावर उभी होती.

आणि पुस्तकच का, याचं उत्तर पराग जमदाडेकडे होतं. पराग कंपनीचा मालक. तो म्हणायचा, “गॉगल लावलेल्या पोराला आई पाठीत धपाटा घालते. पुस्तक धरलेल्या पोराला दूध आणून देते.” माणूस हुशार होता, यात वाद नाही. आपल्याकडे वाचणाऱ्याला कुणी उठवत नाही, हे त्याने नेमकं हेरलं होतं. सुरुवातीला एक गमतीची अडचण आली होती, ती मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. पहिल्या पानावर तळवा टेकला की खेळ सुरू व्हायचा. पण जमिनीवर उघड्या ठेवलेल्या पुस्तकाला चुकून पाय लागला की चाचणीला आलेली पोरं वाकून पुस्तकाला हात लावायची, तो हात कपाळाला टेकवायची, आणि खेळ भलत्या वेळी सुरू होऊन बसायचा. शेवटी तळवा जास्त वेळ टेकवायचा नियम करावा लागला. त्यावरून कंपनीत सगळे खूप हसले होते.

शर्वरीचा नवरा धैर्यशील एका शाळेत चित्रकला शिकवायचा. झुरळ दिसलं तर तो कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. लग्नाला दहा वर्षं झाली तरी बायकोने लिहिलेलं एक अक्षरही त्याने वाचलं नव्हतं, वाचनाचा त्याला मनापासून कंटाळा होता, आणि हे शर्वरीला सलत होतं. कंपनीने घरच्या माणसांना चाचणीसाठी पुस्तकं दिली तेव्हा त्याने पहिल्यांदा तिचं लिखाण उघडलं. पहिला पहारेकरी मारल्यावर तो मोरीत जाऊन ओकला होता. महिन्याभरात ओकणं थांबलं. मग तो जेवताना विचारायला लागला, “तो सरदार कसा सुचला गं तुला?” तिची माणसं तो वहीत काढायला लागला, आणि इतकी हुबेहूब काढायचा की तिला भरून यायचं. लग्नानंतर इतकं ते कधी बोलले नव्हते. खोटं कशाला, शर्वरी सुखात होती.

फक्त एकदा तो म्हणाला होता, “आज वर्गात एक पोरगा बुटाची नाडी बांधायला वाकला. माझा हात वर गेला बघ. का गेला कुणास ठाऊक.” असं म्हणून तो हसला होता.

“पुस्तक नीट मिटतोस ना? निरोपाचं पान वाचतोस ना?” तिने विचारलं.

“वाचतो की.”

वाचत नसणार, असं तिने ठरवून टाकलं. परागच्या कानावर घातलं तेव्हा त्यानेही तेच ठरवलं. दसऱ्याला पुस्तकं गावोगावी घरपोच व्हायची होती आणि गोष्ट तिथेच राहिली.

शर्वरीच्या सासूबाई शालन. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे ती त्यांना आत्या म्हणायची. खंडेनवमी हा आत्यांचा वर्षातला सगळ्यात आवडता दिवस, आयुधांच्या पूजेचा. त्यांच्या लेखी ज्याला धार आहे, बटण आहे किंवा पान आहे ते सगळं पूजेचं. सकाळपासून त्यांनी घर पालथं घातलं होतं. बैठकीच्या खोलीत पाट मांडले होते. त्यावर परसातला कोयता, कालच धार लावून आणलेला. विळी, पाटा-वरवंटा, शिलाई मशीनची कात्री, गाडीच्या किल्ल्या, घरातले सगळे फोन, आणि नातीची, चौथीतल्या रेवाची, सगळी पुस्तकं. प्रत्येक पुस्तकात झेंडूचं एकेक फूल. पोरगी कुठल्या धड्यावर आहे ती खूण मोडू नये म्हणून फूल नेमकं त्या पानात.

शर्वरी स्वयंपाकघरात खोबरं भाजत होती. आत्या दारात आल्या.

“धैर्या झोपलाय बघ बैठकीतल्या खुर्चीत, पुस्तक वाचता वाचता,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “लई वाचाय लागलाय आताशा. उठवला न्हाई मी त्याला. पुस्तक तेवढं अलगद काढून घेतलं पूजेला.”

शर्वरीचा हात थांबला. “मिटलंत का ते?”

“मिटीन कशी? त्याची खूण मोडंल की. फूल घातलंय मधी. आन् गळ्यात ते यंत्र घालून झोपला होता, वळ उठला असता. ते बी काढलं. यंत्रच हाय, म्हटलं त्याला बी दोन बोटं हळदीकुंकू लागू दे.”

पट्टा काढला म्हणजे कुलूप निघालं. पुस्तक उघडं म्हणजे डोक्यातली लढाई विझलेली नाही, चालूच. अशा वेळी उघड्या पानावर लाल अक्षरांत सूचना उमटायची, ‘पुस्तक मिटा,’ आणि ती सूचना आता झेंडूच्या फुलाखाली होती. देशातल्या नामांकित लोकांनी ही सगळी यंत्रणा तपासली होती. बसल्या माणसाच्या मानेवरचा पट्टा त्याची आई पूजेला घेऊन जाईल, हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ती बैठकीच्या खोलीकडे धावली, आत्या तिच्यामागे. धैर्यशील उभा होता. डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांना घर दिसत नव्हतं. पाटावरचा कोयता त्याच्या हातात होता.

“आत्या, मागे या,” शर्वरी म्हणाली.

पण आई ती आई. “अरे धैर्या, पूजेचा हाय तो,” म्हणत आत्या पुढे झाल्या आणि त्यांनी कोयत्यासाठी हात पुढे केला.

पहिला वार गुडघ्यावर. शर्वरीने हे वाक्य कितीतरी वेळा खोडून लिहिलं होतं. कोयत्याचा बोथट पाठचा भाग आत्यांच्या गुडघ्यावर बसला, आत्या एका पायावर कोसळल्या, पाटाला धरून सावरायला गेल्या आणि वाकल्या. कोयता वरून आला. शर्वरीने आत्यांच्या पदराला धरून त्यांना हिसडलं, म्हणून तो मानेवर न बसता हातावर बसला. मनगटाच्या खाली हाताची चिरफाड झाली. रक्त पाटांवर, फुलांवर, भिंतीवर उडालं. आत्या ओरडल्या नाहीत. त्या मुलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “धैर्या, मी हाय रं.”

धैर्यशीलने त्यांच्यावरून पाय टाकला. पहारेकरी पडला होता, त्याचं काम झालं होतं.

पुढचं वाक्य शर्वरीला पाठ होतं. ‘खडकामागे श्वास ऐकू येतो. तिरंदाज लहान चणीचा आहे. त्याला आधी संपव.’

कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागे रेवा अंग चोरून बसली होती. तिच्या फ्रॉकची कड बाहेर दिसत होती आणि तिच्या हुंदक्याचा आवाज येत होता. धैर्यशील मान तिरकी करून ऐकत होता. मग तो कपाटाकडे चालू लागला, घाई न करता. तिरंदाजाकडे घाईने जायचं नसतं, तो बाण सोडतो, हेही शर्वरीनेच लिहिलं होतं.

तिने पाटावरचं ते पुस्तक ओढलं, फूल फेकलं आणि पुस्तक खाडकन मिटलं. मागच्या पुठ्ठ्यावर अक्षरं उमटली. ती मोठ्याने वाचायला लागली. रण संपलं, ओढ्यापाशी बस, पाणी थंड आहे. पण पट्टा पाटावर होता, धैर्यशीलच्या मानेवर नाही. तिचे शब्द आता नुसते शब्द होते. त्याने कपाटाच्या कडेत बोटं घातली आणि एका झटक्यात कपाट आडवं केलं. रेवा भिंतीला चिकटली होती. त्याने तिला केसांना धरलं.

“बाबा,” रेवा म्हणाली.

झोपलेल्याच्या स्वप्नात बाहेरची हाक कधी कधी वेश बदलून शिरते. शर्वरीला तेवढाच आधार सुचला. तिने सगळा जीव गोळा करून सरदाराचं वाक्य उच्चारलं, खेळात खिंडीच्या वरून येणारं, “पोराटोरांवर हात टाकतोस? इकडे बघ, मी आहे.”

धैर्यशील थबकला. रेवाचे केस सुटले. तो वळला, आणि आता त्याला सरदार दिसत होता.

तो काय करणार हे तिला आधीच कळत होतं, आणि त्यावरच ती तगली. डावा पाय पुढे आला की आडवा वार, म्हणून ती खाली बसली आणि कोयता दाराच्या चौकटीत घुसला. त्याने तो उपसला तेव्हा तिने रिकामा पाट उचलून ढालीसारखा धरला. दुसऱ्या वाराने पाट चिरला. तिसऱ्याने तिच्या दंडाचं मांस सोललं. त्याने बरगडीत लाथ घातली, ती पूजेवर जाऊन आदळली. किल्ल्या, फोन, पुस्तकं चहूकडे विखुरली. तिने हाताला येईल ते त्याच्यावर फेकलं. कात्री त्याच्या गालाला लागून गाल फाटला, त्याचं त्याला काही नव्हतं. तो येतच होता. त्याने कोयता दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि शेवटचं पाऊल टाकलं.

ते पाऊल रेवाच्या भूगोलाच्या पुस्तकावर पडलं.

धैर्यशील थांबला. त्याने खाली पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं, शाळेतल्या पोरासारखं, चूक झाल्यासारखं. तो मागे सरला. त्याने कोयता बाजूला फरशीवर ठेवला. मग तो वाकला, उजव्या हाताची बोटं पुस्तकाला लावून त्याने कपाळाला लावली. आत्यांनी ही सवय त्याला चालायला लागल्यापासून लावलेली होती. त्याआधीचं त्याच्यात काहीच नव्हतं, म्हणून ती सवय खेळाच्याही खाली, सगळ्यात तळाला होती.

“रेवूचं पुस्तक,” तो पुटपुटला. त्याचा स्वतःचा आवाज होता.

शर्वरीने तो आवाज ऐकला. नीट ऐकला. तो परत आला होता, कोयता फरशीवर होता, हे सगळं तिला दिसत होतं. आणि तिला त्याची वाकलेली मान दिसत होती.

वरवंटा तिच्या हातात कधी आला ते तिला कळलं नाही. तो वर गेला आणि खाली आला. अगदी शेवटी धैर्यशीलने तिच्याकडे बघायला डोकं उचललं, म्हणून घाव मानेच्या मधोमध न बसता मान आणि खांदा यांच्या मध्ये बसला. हाड मोडल्याचा झटका तिच्या खांद्यापर्यंत पोचला. तो झटका तिच्या ओळखीचा होता.

दुसऱ्यांदा वर गेलेला हात रेवाच्या किंकाळीने थांबला.

मिरजेच्या एका इस्पितळात दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी चालल्या. आत्यांचा हात वाचला, बोटं वाचतील की नाही याबद्दल डॉक्टर बोलत नव्हते. धैर्यशीलच्या बाबतीत बोलले. गळपट्टीचं हाड जुळेल. पण मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळातून उखडल्या आहेत, उजवा हात परत येणार नाही. “काय करतात ते?” डॉक्टरांनी विचारलं. “चित्रं काढतात,” शर्वरी म्हणाली.

तिच्या दंडाला टाके घातले होते. शेजारी बाकड्यावर रेवा मांडीवर बापाच्या तपासण्यांची फाईल घेऊन बसली होती, ती कुणाला द्यायला तयार नव्हती. पोलीस ठाण्याच्या नदाफ मॅडम समोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. आणि पराग आला होता, पडलेल्या चेहऱ्याने. त्याचे डोळे खरेच लाल होते, त्याला दगडाच्या काळजाचा म्हणता आलं नसतं.

“फुलामुळे झालं,” तो हळू आवाजात म्हणाला. “पट्टा निघाला आणि पुस्तक मिटलं गेलं नाही. आपण आता पट्ट्याला कुलूप बसवू, पुस्तक मिटल्याशिवाय निघणारच नाही. शर्वरी, तू पोरीला वाचवलंस. तू नसतीस तर आज काय झालं असतं, विचार कर.”

“बाई, एवढंच सांगा,” नदाफ मॅडम म्हणाल्या. “तुम्ही मारलं तेव्हा त्यांच्या हातात कोयता होता?”

“होता,” पराग म्हणाला. “नसता तर ही कशाला मारेल?”

“तुम्हाला नाही विचारलं.”

शर्वरीला हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. आत्यांनी हो म्हटलं असतं. शुद्धीवर आल्यावर धैर्यशीलनेही म्हटलं असतं, तिच्यासाठी. हो म्हटलं की ती मुलीला वाचवणारी आई होती, दोष एका झेंडूच्या फुलाचा होता, आणि उद्या दसऱ्याला पुस्तकं ठरल्याप्रमाणे घरोघरी गेली असती. ती स्वतःलाही तेच सांगत होती. घाबरले होते, भान नव्हतं. घाबरलेलं माणूस काहीही करतं.

तेवढ्यात रेवाची फाईल निसटली. कागद फरशीवर पसरले. ते गोळा करायला रेवा बाकड्यावरून उतरली आणि तिची चप्पल एका कागदावर पडली. ती पटकन मागे सरली. मग वाकली, कागदाला बोटं लावून तिने कपाळाला लावली. दोन वेण्यांच्या मधली तिची मान उघडी पडली, इवलीशी, त्यावर आत्यांनी सकाळी लावलेल्या हळदीचा डाग होता.

शर्वरीचा उजवा हात वर गेला.

इथे कसली भीती नव्हती. कुणी अंगावर येत नव्हतं. हात शांतपणे वर गेला, जसा तासन्‌तास आणि महिनोन्‌महिने जात आला होता. तिने डाव्या हाताने तो मनगटाशी पकडला आणि छातीशी दाबून धरला. टाके उसवल्याचं तिला जाणवलं. रेवा कागद गोळा करत होती, तिला काही दिसलं नाही. नदाफ मॅडमना दिसलं.

“कोयता फरशीवर होता,” शर्वरी म्हणाली. “त्यांनी स्वतः ठेवला. ते शुद्धीवर आले होते, लेकीच्या पुस्तकाच्या पाया पडत होते. मी ऐकलं, बघितलं, आणि मारलं.”

“शर्वरी, तू धक्क्यात आहेस,” पराग म्हणाला.

“माझं पुस्तक सकाळीच मिटलं होतं, पराग. निरोपाचं पान पूर्ण वाचलं, दिवा हिरवा झाला, मग पट्टा काढला. कपाटाला किल्ली आहे अजून. तुझ्या सगळ्या नियमांनी मिटलं होतं.” “ते वर्गात हात वर गेला म्हणाले, तेव्हा मी त्यांनाच दोष दिला. ते नीटच मिटत होते. काही विझत नाही रे. आपण नुसतं कुलूप लावत होतो. ते हातात शिकलेलं तसंच राहतं, कुणीतरी समोर वाकायची वाट बघत.”

नदाफ मॅडम लिहीत होत्या, त्या थांबल्या.

“माझा थोरला खेळतो हे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या मित्राकडे आलंय, चाचणीचं. रोज नीट मिटून ठेवतो. मी स्वतः बघते, शाबासकी देते त्याला. म्हटलं, पोरगं वाचतंय.” त्यांनी शर्वरीकडे पाहिलं. “आत्ता घरी आहे तो. धाकटीला सांभाळतोय. ती रांगते अजून.”

नदाफ मॅडम उठल्या, खिशातून फोन काढत जिन्याकडे निघाल्या.

“मॅडम,” शर्वरीने हाक मारली. “बेड्या असतील तर आधी मला घालून जा.”

बेड्या घालून त्या गेल्या. पराग भिंतीला टेकून उभा होता, कुणाला तरी फोन लावावा की नाही अशा चेहऱ्याने. रेवाने कागद नीट लावून फाईल मिटली. ती दिवसभराची दमलेली होती, रडून रडून डोळे सुजले होते. आईच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं, पण विचारलं नाही. ती बाकड्यावर चढली, पाय पोटाशी घेतले आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, नेहमीसारखं पालथं, मान वर करून.

“आई, डोक्यावरून हात फिरव ना,” ती म्हणाली.

शर्वरीने बेड्या घातलेले दोन्ही हात उचलून आपल्या डोक्यामागे नेले, बोटं एकमेकांत घट्ट अडकवली, आणि लेक झोपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.